पंच क्रमांक दोन

विड्याच्या पानावर रक्तचंदनाची सहावी रेघ ओढत होते आणि दारात जीप थांबली.

श्रावणातला दुसरा रविवार होता. आदित्यराणूबाईचं व्रत मला सासूबाईंकडून आलं. त्या घाटावरच्या, आमच्या धामणवाडीत हे व्रत दुसऱ्या कुणाच्या घरी नाही. उठल्यापासून तोंड उघडायचं नाही. पूजा करायची, सहा गाठींचा तातू, म्हणजे दोरा, बांधायचा आणि मग समोर कुणाला तरी बसवून कहाणी सांगायची. दिवसाचा पहिला शब्द कहाणीचाच. आमच्याकडे ऐकायला हेच, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. "बाकीचे सहा दिवस तरी तू कुठे बोलतेस? मला रविवार वेगळा कळतच नाही," असं दर वर्षी म्हणायचे. कहाणी मात्र हात जोडून ऐकायचे.

जीपमधून वनपाल घोसाळकर उतरले. आमच्या भागातल्या जंगलाची राखण त्यांच्याकडे. खाकी कपडे, बगलेत कागदांची पिशवी.

"पोस्टवाल्या काकू आहेत का?"

गावाचं पोस्ट आमच्याच ओटीवर होतं आणि शाखा डाकपाल मी.

"आहेत, पण नाहीत," हे म्हणाले. "मौन आहे तिचं."

"किती वेळ?"

"तासभर धरा."

"तासभर कुठला हो! आम्हाला पंच पाहिजे, आत्ता. घराची झडती आहे. तिथं बाईमाणूस आहे, म्हणून एक पंच बाई हवी. आणि काकूंची सही असली की कोर्टात वजन पडतं. यांना कोण खोटं म्हणणार?"

"अहो, पण बोलायचं नाही तिला."

"पंचाला बोलायचं कुठे असतं? बघायचं आणि सही करायची."

जीपमध्ये तुकाराम खामकर आधीच बसला होता. हा ग्रामपंचायतीचा शिपाई. आजवर वीसेक पंचनाम्यांवर त्याच्या सह्या होत्या, वाचलेला एकही नव्हता. "या काकी," तो आतून म्हणाला, "बोलायला मी आहे की."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "जाऊन ये," हे म्हणाले. "सरकारी माणसं दारात आली आहेत. देव काही पळून जात नाही."

पानावर ताम्हन पालथं घातलं, पदर खोचला आणि निघाले. कुठे जायचंय ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पऱ्ह्याचं पाणी ओलांडून जीप गोताडवाडीकडे वळली, तेव्हा मला कळलं.

धोंडू गोताड आंब्याच्या बागेची राखण करायचा. पायरीवर बसून पेज पीत होता. जीप पाहून उभा राहिला, हातातली वाटी कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

"धोंडू गोताड तूच?"

"व्हय सायेब."

"घराची झडती घ्यायची आहे."

"घ्या की. हाय काय त्यात? दोन मडकी नि एक बायको."

"मला मडक्यात धरतोस काय रे!" आतून सगुणा, त्याची बायको, ओरडली आणि बाहेर आली. खाकी कपडे दिसले तशी गप्प झाली. मग मी दिसले. तिचा चेहरा जरा निवळला. काकी आहेत म्हणजे काही वाईट व्हायचं नाही, असं तिला वाटलं असावं.

घरात काही सापडलं नाही. घोसाळकर आणि त्यांच्याबरोबरचा वनरक्षक वळसा घालून मागे गेले. मागे पडवी होती, तिचं दार वेगळं. दाराला तळहाताएवढं पितळी कुलूप.

"चावी?"

"माज्याकडं न्हाय वो. पडवी शेटला दिलीय वापराय. शेट्ये शेट. शिकेकाई ठेवतो तो, हिरडा ठेवतो."

"घर कुणाच्या नावावर?"

"घर माज्याच नावावर."

"मग पडवी काय वेगळी आहे? घरपट्टी तूच भरतोस ना?"

"भरतो."

"झालं तर. पहार आण रे."

वनरक्षकानं पहार घातली. तिसऱ्या घावाला कडी लाकडासकट निघून आली आणि कुलूप माझ्या पायाशी येऊन पडलं. आत शिकेकाईची पोती रचलेली होती. एक खालचं पोतं ओढून काढलं. घोसाळकरांनी तोंडाची सुतळी कापली. वर चार बोटं शिकेकाई, तिच्याखाली खवलं.

खवल्या मांजर आमच्याकडच्या लोकांनाही क्वचितच दिसतं. मी लहानपणी एकदा पाहिलं होतं. आमची चाहूल लागताच पोट आत घेऊन त्यानं स्वतःचा चेंडू केला होता. दात नाही, नख मारणं नाही, धावणं नाही. भीती वाटली की अंग मिटून गप्प बसायचं, एवढंच त्याला येतं. म्हणून तर कुणीही उचलून नेतं. पोत्यातली खवलं पिवळट, कडेला पातळ, माणसाच्या नखासारखी होती. काहींच्या मुळाशी वाळलेलं कातडं चिकटलेलं होतं.

घोसाळकरांनी मूठभर उचलून खाली सोडली. करवंट्या वाजाव्यात तसा आवाज झाला. "सहा-सात जनावरं गेली असणार यात," ते म्हणाले. मग सांडलेली खवलं त्यांनी एकेक वेचून पोत्यात ठेवली. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणायचं आहे.

सगुणा मध्ये आली. "सायेब, शेटला विचारा! तालुक्याच्या बाजारात दुकान हाय त्याचं. आमी त्या खोलीत पाय ठेवत न्हाय. उंदीर मेला तरी वास सोसतो, पन दार उघडत न्हाय!"

"विचारू, विचारू. आधी हे होऊ दे," वनरक्षक म्हणाला.

घोसाळकर ओट्यावर बसले, मांडीवर फळी घेतली, कार्बन घातला आणि लिहायला लागले. त्यांना विचार करावा लागत नव्हता. अशा कागदाची वाक्यं ठरलेली असतात. फक्त नाव, गाव, वजन, वेळ बदलते. तुकारामानं न वाचता सही ठोकली आणि कागद माझ्याकडे आला.

मी वाचला. पोस्टात वीस वर्षं काढलेली बाई कागद वाचल्याशिवाय सही करत नाही.

'आरोपीने आपल्या राहत्या घराची मागील खोली पंचांसमक्ष स्वतःहून उघडून दिली असता…'

पुढे शेट्ये शेटचं नाव कुठेच नव्हतं. कुलूप नव्हतं. पहार नव्हती. सगुणाचं बोलणं नव्हतं.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं जमिनीवरचं कुलूप दाखवलं.

"काय? कुलूप?" घोसाळकर म्हणाले. "ते मुद्देमालात नको, काकू. एका कुलपासाठी वेगळं पाकीट, वेगळं सील, कोण करणार?"

मी मान हलवली. पुन्हा ओळीवर बोट ठेवलं.

"अहो, तसंच लिहितात. घर त्याचं म्हटल्यावर ताबा त्याचाच. चोवीस तासांत मला कोर्टापुढे हजर करायचाय हा. 'कुलूप तोडलं' लिहिलं की विचारणार कुणाचं कुलूप, मग तो माणूस शोधा, त्याचा जबाब घ्या. तोपर्यंत हाही सुटेल." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी कागद जवळ ओढला तसे ते घाईनं म्हणाले, "वर काही लिहू नका हां. खाडाखोड दिसली की वकील धरतात. इथं, खाली. पंच क्रमांक दोन."

"काकी, तुमी बघितलंत ना?" सगुणा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमच्यासमोर तोडलं. काकी, सांगा की! बोला की वो काकी!"

"अगं, मौन आहे त्यांचं आज," तुकाराम म्हणाला.

"मौन?" सगुणानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज?"

माझ्या हातात पेन होतं. बोलता येत नसलं तरी समासात दोन ओळी लिहिता आल्या असत्या. हे मागाहून सुचलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तेव्हाच सुचलं होतं. मी खाली सही केली. पूर्ण नाव, सुहासिनी रेडीज. मनाशी म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे. पूजा आटपते, कहाणी सांगते, आणि येऊन सगळं तोंडी सांगते. जीप काय एवढ्यात जात नाही.

घरी येऊन पूजा केली. तातूची गाठ चारदा सुटली. ह्यांना समोर बसवलं आणि कहाणी सांगायला लागले.

"अगं, अर्धी गाळलीस," हे म्हणाले.

"ऐका गुमान," मी म्हटलं आणि उरलेली एका दमात संपवून तशीच निघाले. पऱ्ह्यापलीकडे पोचले तेव्हा जीप नव्हती. पडवीच्या तुटक्या दाराला सील केलेली पट्टी होती, आणि सगुणा पायरीवर बसली होती. पेजेची वाटी तशीच पडलेली, तिला मुंग्या लागलेल्या.

"सगुणा, मी सांगणार आहे त्यांना. उद्याच जाते."

तिनं वर पाहिलं. "आता फुटलं तोंड?"

सोमवारी मी तालुक्याच्या वन कार्यालयात गेले. घोसाळकर धोंडूला घेऊन कोर्टात गेले होते. मंगळवारी अर्धी रजा टाकून पुन्हा गेले, तेव्हा त्यांचे वरिष्ठ, मुजावर साहेब भेटले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मला कडक उपास होता, चहा तसाच निवला.

"बाई, तुमची तळमळ कळते," ते म्हणाले. "पण पंचनामा म्हणजे त्या वेळचं चित्र. चित्र काढून झाल्यावर त्यात मागाहून झाड घालता येत नाही."

"पण झाड तिथं होतं, साहेब."

"असेल. पण तुम्ही सही करून नव्हतं म्हणून सांगितलंत ना!"

"मग आता?"

"अर्ज द्या. पुरवणी जबाब घेता येतो का ते तपास अधिकारी ठरवतील."

"तपास अधिकारी कोण?"

"घोसाळकरच."

घोसाळकर म्हणाले, साहेबांनी लेखी दिल्याशिवाय मी जबाब घेऊ शकत नाही. साहेब म्हणाले, तपास त्यांच्याकडे, मी मध्ये कसा पडू. मी अर्ज बाजारात टाइप करून आणून दिला. आवक नोंदवहीत क्रमांक पडला. वीस दिवसांनी उत्तर आलं. माझ्याच पोस्टात, मीच थैली फोडली, मीच माझ्या पत्रावर शिक्का मारला: 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी विभागीय कार्यालयाकडे वर्ग करण्यात आला आहे.' विभागीय कार्यालयाला स्मरणपत्र पाठवलं. तिथून उत्तर आलं: 'आपला अर्ज संबंधित परिक्षेत्राकडे परत वर्ग करण्यात आला आहे.' हे हसले. "रातराणी गाडीसारखा झालाय तुझा अर्ज," म्हणाले. "इथून सुटतो, तिथं जेवतो, परत येतो."

धोंडूला जामीन मिळायला दोन महिने लागले. तोवर बागवाल्यानं राखणीला दुसरा माणूस ठेवला होता. आणि शेट्ये शेट? तो पोस्टात आला. मनीऑर्डरचा फॉर्म भरता भरता म्हणाला, "काय काळ आलाय, काकी! धोंडूसारखा गरीब माणूस, आणि मुक्या जनावरांच्या जिवावर उठला. माझी शिकेकाई फुकट गेली ती गेलीच." गावात राहत नसला तरी आमच्या देवळाच्या कमिटीत होता तो. श्रावणातल्या महाप्रसादाचे तांदूळ त्याच्याकडून यायचे. मी पावती फाडून त्याच्या हातात दिली.

दिवाळीनंतर मी पुन्हा मुजावर साहेबांकडे गेले. त्या दिवशी मी मनाशी ठरवून गेले होते.

"साहेब, तुम्हाला खबर आली होती ना? खबरीवरूनच धाड पडली?"

"हो. निनावी पत्र होतं."

"मग त्या पत्रात कुणाचं नाव आहे ते तरी बघा."

"खबर गोपनीय असते, बाई. ती दाखवायची नसते, कोर्टातही लावायची नसते. खबर देणाऱ्याचा जीव धोक्यात नको यायला."

"दाखवू नका. तुम्हीच उघडा आणि तुम्हीच वाचा. त्यात शेटचं नाव असेल."

मुजावर साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला कसं माहीत?"

खिडकीबाहेर कुणीतरी फटफटीला लाथा मारत होतं. ती काही सुरू होईना. 

"अंदाज," मी म्हणाले आणि उठले. पुढे एक अक्षर बोलले नाही. तो रविवार नव्हता.

कोर्टात साक्षीला उभी राहिले ती चौथ्या वर्षी. धोंडू आरोपीच्या जागी होता. त्याला सरकारकडून मिळालेली वकिलीणबाई त्याच्याहून जास्त घाबरलेली. घोसाळकर लांबच्या बदलीवरून साक्षीसाठी आले होते. डोक्यावरचे केस पांढरे झाले होते. तुकारामाची साक्ष आधीच झाली होती. "कागदात लिहिलंय तसंच घडलं," असं सांगून तो बाहेर चहा प्यायला गेला होता.

"पंचनाम्यावरची सही तुमची?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"माझी."

"मजकूर वाचला होता?"

"वाचला होता."

"मग त्यात लिहिल्याप्रमाणेच सर्व घडलं." प्रश्नसुद्धा नव्हता तो. ते पुढचं पान उलटायला लागले होते.

"नाही."

"मोठ्यानं बोला," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

"नाही, मॅडम. दाराला कुलूप होतं. ते पहारीनं तोडलं. धोंडूकडे चावी नव्हती. पडवी शेट्ये शेटच्या वापरात होती. सगुणानं तिथंच ओरडून सांगितलं, पण ते लिहून घेतलं नाही."

वकिलांनी फाईल मिटली. "मॅडम, साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करावं."

फितूर हा शब्द मी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. गडाचा दरवाजा शत्रूला आतून उघडून देणारा तो फितूर. आता तो माझ्या नावापुढे लागला आणि माझ्याच बाजूचा वकील माझी उलटतपासणी घ्यायला लागला.

"आरोपी तुमच्याच गावचा?"

"हो."

"रोज तोंडासमोर असणारा."

"हो."

"आणि एवढं सगळं चुकीचं लिहिलं जात असताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत?"

"माझं मौनव्रत होतं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. शिरस्तेदारसुद्धा मान खाली घालून हसत होता. मॅडमनी पेन आपटलं.

"बरं, मौन होतं," वकील म्हणाले. "हात बांधलेले नव्हते ना? पोस्टात नोकरी तुमची. लिहिता येतं. पेन हातात होतं. दोन ओळी लिहायला काय झालं होतं?"

चार वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. अर्ज दिले, स्मरणपत्रं पाठवली, पण हे कुणी विचारलं नाही.

"अक्षर ओळखलं असतं," मी म्हणाले.

"कुणाचं अक्षर?"

"माझं. खबरीचं पत्र मी लिहिलं होतं."

हसणं थांबलं. मी मॅडमकडे पाहून सांगितलं. आता आवाज आपोआप निघत होता. आषाढात धोंडूच्या पडवीकडे चाललेल्या टेम्पोतून शेटचं एक पोतं आमच्या दारासमोर पडलं. शिवण उसवून शिकेकाईबरोबर मूठभर खवलं रस्त्यावर आली. "औषधाला लागतं, काकी," म्हणत शेटनं ती घाईघाईनं गोळा केली, एक माझ्या चपलेखाली राहिलं. ते देवघरात ठेवायला मन धजेना, टाकवेना. चातुर्मास सुरू झाला होता. एखादा नेम नवा धरावा, तर जीव वाचवण्यासारखा दुसरा कुठला, असं मनात आलं आणि मी वन कार्यालयाला पत्र लिहिलं. खाली नाव घातलं नाही. शेट कमिटीतला माणूस, आणि आम्हाला त्याच गावात राहायचं होतं. पत्र मीच थैलीत टाकलं, मीच शिक्का मारला. त्या रविवारी घोसाळकरांच्या बगलेतल्या पिशवीत ते पत्र असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. समासात दोन ओळी लिहिल्या की अक्षराला अक्षर लागलं असतं. मौन होतं, हे खरं. पण ते त्या दिवशी मला फार सोयीचं पडलं, हेही खरं.

"पत्रात नाव कुणाचं होतं?" मॅडमनी विचारलं.

"शेट्ये शेटचं. मागवून घ्या, मॅडम. माझ्या अक्षराशी ताडून बघा."

मॅडमनी घोसाळकरांना उभं केलं. "असं पत्र आलं होतं?"

"आलं होतं, मॅडम."

"काय मजकूर होता?"

"धोंडू गोताडच्या घरामागच्या पडवीत माल आहे, असा होता. त्यावरून आम्ही घर शोधलं."

"आणखी कुणाचं नाव?"

घोसाळकर आठवायला लागले. खरंच आठवत असावेत. कपाळावर आठ्या पडल्या. "सांगता येणार नाही, मॅडम. बरीच वर्षं झाली."

"पत्र सादर करा."

"निनावी अर्ज मुदत संपल्यावर नष्ट करतो आम्ही. रीतसर यादी करून. गेल्याच वर्षी झाले." त्यांनी वन कार्यालयाच्या फाईलमधून यादी काढली. तीत ते पत्र होतं: क्रमांक, तारीख, 'निनावी अर्ज, एक पान, नष्ट'. खाली दोन सह्या. यादी अगदी नीटनेटकी होती.

निकाल महिन्याभरानं लागला. धोंडू सुटला. वकिलीणबाईंनी बाहेर व्हरांड्यात निकालातला कामापुरता भाग वाचून दाखवला. पंच क्रमांक दोन फितूर झाल्याने व तिचे वर्तन विश्वासार्ह न वाटल्याने पंचनाम्याबाबत संशय निर्माण होतो, त्याचा फायदा आरोपीस देण्यात येत आहे. साक्षीदाराने तिऱ्हाईत इसमाचे नाव घेतले असून त्यास कोणताही आधार नाही. मुद्देमाल विभागाने नष्ट करावा.

"म्हणजे शेटला आता धरणार?" सगुणानं विचारलं.

"नाही हो. ते प्रकरण इथं नव्हतंच," बाई म्हणाल्या आणि पुढच्या तारखेला पळाल्या.

आम्ही तिघं स्टँडवर येऊन बसलो. गाडीला अवकाश होता. साक्ष झाल्यापासून त्या दोघांशी माझं बोलणं झालं नव्हतं. आज सुटका झाली, आज तरी बोलावं, म्हणून मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात धोंडूच बोलला.

"काकी, एक इचारू?"

"विचार ना."

"तुमी पत्रात शेटचं नाव घातलंत. मग माजं कशाला घातलंत?"

"पत्ता कळावा म्हणून, धोंडू. कुठली पडवी ते कळायला हवं ना! शेट्ये शेट धोंडू गोताडच्या मागच्या पडवीत खवलं ठेवतो. एवढंच एक वाक्य होतं."

तो ते वाक्य घोळवायला लागला. ओठ हलत होते, मनात पुन्हा म्हणून बघत असावा.

"बरोबर हाय," अखेर म्हणाला. "सगळी तशीच सांगतात. धोंडूची पडवी." आणि मग, "नि शेटचा पत्ता काय घातला असतात?"

मी विचार केला. शेटचं आमच्या गावात घर नव्हतं, खोली नव्हती, झाड नव्हतं, घरपट्टीचा कागद नव्हता. बाजारातलं दुकानसुद्धा मेव्हण्याच्या नावावर, हे मला मनीऑर्डरीवरून माहीत होतं.

"त्याला पत्ता नाही," मी म्हणाले.

"हां," धोंडू म्हणाला. "मग सायेब तरी कुटं जानार?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

गाडी लागली. ती दोघं पुढे चढली. धोंडूला कंडक्टरच्या मागची जागा मिळाली, सगुणाला त्याच्या मागची, खिडकीची. तिच्या शेजारी एक जागा रिकामी होती. मी तिथवर गेले, दांडीला धरून उभी राहिले. सगुणानं माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरची पिशवी उचलली आणि त्या जागेवर ठेवली. पिशवीत कोर्टाच्या चार वर्षांच्या तारखांचे कागद होते.

मी धामणवाडीपर्यंत उभीच आले.